मोजदाद आणि मोल

उज्जयिनीच्या रामघाटावर सिंहस्थपर्वात किती भाविकांनी स्नान केले, याचे आकडे दर बारा वर्षांनी प्रसिद्ध होत असतात. १९८०, १९९२, २००४ आणि २०१६ ही पर्वे होऊन गेली; आता २०२८ च्या पर्वाचे वेध लागले आहेत. आकडा कोटींच्या घरातला असतो आणि तो ऐकून आपण माळव्यातील मराठी मंडळीही थोडी ताठ मानेने चालू लागतो. परंतु त्या आकड्यावरून क्षिप्रेविषयी काय कळते? २०१६ साली त्या पायऱ्यांना लागलेल्या पाण्याला नर्मदेचा आधार होता. ओंकारेश्वराच्या बाजूचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी गावी, क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्याची योजना २०१४ साली कार्यान्वित झाली होती. स्नान करणाऱ्यांची गणती झाली. पंपावर रात्रपाळी करणाऱ्यांची कोणी केली नाही. आकडा खोटा नव्हता. परंतु ज्यामुळे ते स्नान शक्य झाले, ते त्या आकड्यात नव्हते.

विज्ञानाच्या क्षेत्रातही आज असेच काहीसे चालले आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण रामघाटापासून साधारण साठ किलोमीटरांवर, इंदुरात, सुखनिवासाच्या परिसरात उभे आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे नाव वाचकांना परिचित असेलच. १९८४ साली पायाभरणी झाली तेव्हा त्याचे नाव नुसतेच प्रगत तंत्रज्ञान केंद्र असे होते. रामण्णांच्या निधनानंतर, २००५ साली, त्यांचे नाव त्याला देण्यात आले. या केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप देवीदास भवाळकर हे मूळचे सागरचे, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी समाजातले. २००० साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. ज्या भूमीवर पूर्वी होळकरांचा विलास होता, त्याच भूमीवर आज इलेक्ट्रॉन फिरविले जातात, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

इलेक्ट्रॉन फिरविणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मायक्रोट्रॉन नावाच्या यंत्रातून २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन निघतात. मधल्या एका कड्यात त्यांची ऊर्जा वाढविली जाते आणि मग त्यांना साठवण-कड्यात सोडले जाते. अशी दोन कडी तेथे आहेत. १९९९ साली कार्यान्वित झालेल्या इंडस-१ चा परीघ सुमारे १९ मीटर आणि ऊर्जा ४५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. इंडस-२ मधून पहिला प्रकाश २००५ च्या अखेरीस मिळाला; त्याचा परीघ १७२ मीटरांहून थोडा अधिक आणि ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. चुंबकांनी वळविलेले इलेक्ट्रॉन वळताना प्रकाश आणि क्ष-किरण फेकतात. १९४७ साली अमेरिकेत हा प्रकाश प्रथम दिसला. कण वेगवान करू पाहणाऱ्यांना तो पुढेही बराच काळ उपद्रवच वाटला, कारण त्यात कष्टाने मिळविलेली ऊर्जा वाया जात होती. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की हा उपद्रवच कामाचा आहे. प्रथिनांची रचना, धातूंतील सूक्ष्म दोष, पदार्थांतील अंशमात्र मूलद्रव्ये हे सारे या प्रकाशात तपासता येते. आज जगभर केवळ या प्रकाशासाठी कडी बांधली जातात. स्वीडनमधील लुंड येथे २०१६ साली सुरू झालेले मॅक्स-४ हे त्यांच्या नव्या पिढीचे पहिले यंत्र. त्वरकशास्त्राचा ओघ अधिक ऊर्जेकडून अधिक रेखीव, अधिक तेजस्वी किरणांकडे कसा वळला, हे यावरून दिसावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या यंत्रावर देशभरातील विद्यापीठांचे संशोधक येतात, आपले नमुने तपासतात, परत जातात आणि शोधनिबंध लिहितात. निबंध प्रसिद्ध होतो, इतर संशोधक त्याचा उल्लेख करतात, त्या उल्लेखांची गणना होते आणि त्या गणनेवर संशोधकाची प्रतिष्ठा व बढती ठरते. हे योग्यच आहे. परंतु चुंबकाला वीज पुरविणारे उपकरण ज्याने सहा वर्षे खपून इतके स्थिर केले की प्रवाहात लाखांतल्या अंशाचाही फरक पडू नये, निर्वात नळीतील गळती शोधण्यात ज्याच्या रात्री गेल्या, त्याचे नाव त्या निबंधावर नसते. फार तर शेवटच्या आभाराच्या ओळीत असते. आणि आभार कोणी मोजत नाही.

ही मोजणी आली कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. फिलाडेल्फियाचे युजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात संदर्भोल्लेखांची सूची छापण्यास आरंभ केला. त्यांचा हेतू साधा होता. एखाद्या निबंधाचा धागा पुढे कोठकोठे गेला, हे ग्रंथालयात बसून शोधता यावे. त्यातूनच नियतकालिकांचा प्रभावांक निघाला. मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा चालू वर्षी सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो हा अंक. २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने व्यक्तीसाठी एच-निर्देशांक सुचविला. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक वीस. वाट दाखविण्यासाठी रोवलेले दगड पुढे वजनाचे दगड म्हणून तराजूत पडले, ते असे.

कणत्वरकांचे शास्त्र या तराजूत नीट बसत नाही, आणि त्याची कारणे तीन. पहिले असे की, या शास्त्रातील मंडळी आपले पुष्कळसे काम नियतकालिकांत न देता परिषदांच्या कार्यवृत्तांत देतात. २००७ साली आशियाई कणत्वरक परिषद इंदुरातच भरली होती. अशा परिषदांची कार्यवृत्ते एका आंतरराष्ट्रीय सहकार्यातून सर्वांना विनामूल्य खुली असतात. यंत्र कसे बिघडले आणि कसे दुरुस्त झाले, हे दुसऱ्या यंत्रशाळेला कळण्याचा तोच राजमार्ग. परंतु बढतीच्या समितीपुढे या कार्यवृत्तांना बहुधा गौण मानले जाते.

दुसरे कारण याच्या अगदी उलट टोकाचे. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर ५,१५४ लेखकांची नावे होती. तेहतीस पानांपैकी नऊ पाने शास्त्राची आणि चोवीस पाने नावांची व संस्थांची! एकट्याच्या वाट्याला त्यातले किती श्रेय, हे कोणता निर्देशांक सांगणार? ज्या महायंत्रावर हा कण सापडला, त्याच्या सत्तावीस किलोमीटर बोगद्यातील सुमारे ३५ टनी चुंबक भारतात तयार झालेल्या सुमारे सात हजार टेकूंच्या आधारे केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म अंतरांनी सरकवून जागेवर बसविले गेले. त्या कामात इंदूरच्या केंद्राचा मोठा वाटा होता. टेकूंचा उल्लेख कितीदा झाला, हे विचारणेच व्यर्थ. ते हलले नाहीत, हीच त्यांची पावती.

तिसरे कारण काळाचे. नॉर्वेचे विडरो यांनी १९२८ साली कणांना टप्प्याटप्प्याने वेग देण्याविषयी जर्मन भाषेत निबंध लिहिला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात लॉरेन्स यांच्या तो दृष्टीस पडला. त्यांना जर्मन बेताचेच येत होते. त्यांनी आकृत्या पाहिल्या आणि त्यातून सायक्लोट्रॉनची कल्पना जन्मली, जिला १९३९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एक वाचक पुरेसा ठरला. व्हॅन देर मीर हे तर जिनीव्याच्या प्रयोगशाळेतील अभियंते. कणांच्या झोताची अस्ताव्यस्त गती शांत करण्याची युक्ती त्यांना १९६८ च्या सुमारास सुचली, परंतु ती त्यांना स्वतःलाच अव्यवहार्य वाटली. १९७२ साली त्यांनी ती लिहिली तीही प्रयोगशाळेच्या अंतर्गत टिपणात. त्याच युक्तीच्या बळावर १९८३ साली डब्ल्यू आणि झेड हे कण सापडले आणि १९८४ चे नोबेल पारितोषिक व्हॅन देर मीर यांना विभागून मिळाले. लेसरच्या साहाय्याने प्लाझ्मात कणांना वेग देण्याची कल्पना १९७९ सालची. तिला भरीव यश आले २००४ साली. पंचवीस वर्षांची वाट दोन वर्षांच्या प्रभावांकाने कशी मोजावी?

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. मोजणी सर्वस्वी त्याज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. जेथे आकडा नसतो, तेथे ओळख चालते. ज्याचा मामा वा काका मोठ्या हुद्द्यावर नाही, अशा छोट्या गावातील मुलाला आपले काम परक्या समितीपुढे मांडण्यास हा आकडाच आधार देतो. आपल्यासारख्या, मुलखापासून दूर राहून गुणांच्याच बळावर उभ्या राहिलेल्या समाजाला तर याचे मोल सांगावयास नको. दोष मोजण्यात नाही. एकाच मापाने सर्व काही मोजण्यात आहे. दुधाचे माप कापडाला लावले तर दोष मापाचा नव्हे.

आणि चुकीच्या मापाचे परिणाम आपण पाहिले आहेत. आपल्या देशात २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आली; पुढे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक फोफावले. डॉक्टरेटचा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. केवळ नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीची योग्यता ठरवू नये, असे आवाहन २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या विद्वानांनी केले आणि पुढे जगभरातील अनेक संस्थांनी त्यावर स्वाक्षऱ्या केल्या.

मग योग्य माप कोणते? त्यासाठी दूर जावयास नको. रामघाटावरून थोडे पुढे गेले की सवाई जयसिंहाची वेधशाळा लागते. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी गणितज्ञाने तेथे काम केले. या वेधशाळेतून ग्रहस्थितीचे पंचांग निघत आले आहे. त्या पंचांगाचा कोणी किती वेळा उल्लेख केला, हे विचारण्याची गरज पडत नाही. प्रश्न एकच, सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या जागी ग्रह दिसला की नाही? यंत्राचेही तसेच आहे. वर्षातील किती तास किरण मिळाला, तो किती स्थिर होता, किती संशोधकांचे काम झाले, किती तरुण शिकून बाहेर पडले, हे प्रश्न विचारावेत. इंदूरच्या भाजी-मंडईच्या आवारात याच केंद्राने उभारलेल्या त्वरकाच्या इलेक्ट्रॉन-झोतात वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाते. ते साहित्य ज्याच्या शुश्रूषेत वापरले जाते, तो रोगी कोणाचा निबंध वाचत नाही. परंतु संसर्गावाचून घरी परतला, तर तीही एक नोंदच.

हा विषय आम्ही कुटुंबाच्या मासिकात का घेतला, असे कोणी विचारील. कारण हा तराजू आता आपल्या ओसरीवर आला आहे. सुटीत घरी आलेल्या मुलीला आत्या विचारते, "यंदा किती पेपर झाले गं?" शेजारच्यांचा मुलगा बारा सांगतो, ही दोन सांगते, आणि दोनच का, याचे उत्तर देताना तिची मान खाली जाते. वर्षभर तिने एक असे उपकरण घडविलेले असते, ज्यावाचून त्या बारांतले काही निबंध लिहिलेच गेले नसते. अशा दोन-चार सुट्या गेल्या की ती मुलगी उपकरण सोडते आणि निबंधांच्या मागे लागते. तिला दोष कसा द्यावा? परंतु सर्वांनी असेच केले, तर उद्या निबंध लिहावयास यंत्रच उरणार नाही. इंडस-२ मधून पहिला प्रकाश येऊन दोन दशके लोटली आहेत. ते चालते ठेवणारे आणि त्याच्या पुढचे यंत्र बांधणारे हात आपल्याच घरांतून यावयाचे आहेत.

तेव्हा सुज्ञ वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या सुटीत मुलांना "किती" विचारण्यापूर्वी "काय केलेस" असे विचारावे आणि त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐकावे. सारेच कळेल असे नाही; पण आपले काम कोणीतरी विचारले, एवढ्यानेही माणसाला बळ येते. २०२८ साली रामघाटावर पुन्हा कोटींची गणती होईल. त्या वेळी पाण्यात उतरताना वरच्या पंपांवर जागणाऱ्यांचीही क्षणभर आठवण करावी. असो.