निर्व्यसनी माणसाच्या मानेतली गाठ

डोंबिवलीत आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. उभ्या आयुष्यात त्यांनी सुपारीचे खांडही तोंडात धरले नाही. गेल्या वर्षी दाढी करताना त्यांच्या मानेला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तीन महिने अंगावर काढले. तपासणीत निघाला टॉन्सिलचा कर्करोग. ‘चोरून खात असणार!’ जिन्यात कुजबुज झाली. मला लाज वाटली ती याची, की क्षणभर माझ्याही मनात तेच आले होते.

आपल्याला तसे वाटणे साहजिक आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिन्यांचे कोपरे लालच दिसतात. गाल, जीभ, हिरड्या यांच्या कर्करोगाचे मुख्य कारण आपल्याकडे तंबाखू आणि सुपारी हेच आहे. परंतु टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या भागांत आणखी एक अपराधी असू शकतो : ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागेही हाच विषाणू असतो. त्या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. अमेरिकेत घशाच्या या कर्करोगात त्याचा वाटा मोठा आहे, आपल्याकडे तंबाखूपुढे लहान. पण लहान म्हणजे शून्य नव्हे.

हा विषाणू शरीरसंबंधातून, मुखावाटेही, पसरतो. हे वाचून एक संशय सोडून दुसरा धरू नका. बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते आणि शरीर त्याला परतवतेही. थोड्यांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे टिकतो आणि पेशींच्या वाढीचा लगाम तोडतो. म्हणून हा रोग म्हणजे कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे.

मानेतली गाठ, एकाच बाजूने गिळताना होणारा त्रास किंवा बसलेला आवाज तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. व्यसन नाही म्हणून थांबू नये. विषाणूमुळे झालेला हा कर्करोग उपचारांना बहुधा चांगली दाद देतो. या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये देशी लसही आणली. ती लागण होण्याआधी, कोवळ्या वयात घ्यायची असते. मुलीसाठी डॉक्टरांना विचाराल, तेव्हा मुलासाठीही विचारा.

परवा शेजाऱ्यांकडे गेलो होतो. उपचार संपले आहेत. पोळी अजून दुधात कुस्करून खातात. रोग कशाने झाला, हे मी विचारले नाही. गिळताना दुखते का, एवढेच विचारले.