मैदान, मजुरी आणि मनाचे औषध

नैराश्यविकाराने ग्रासलेल्या किशोरवयीन मुलांना औषध व समुपदेशन यांच्या जोडीला नियमित व्यायाम उपकारक ठरतो, हे वैद्यकशास्त्राने आता मान्य केले आहे. कवटीवर चुंबकीय स्पंदने देऊन मेंदूचा विशिष्ट भाग उत्तेजित करण्याची पद्धतही पुढे आली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये १५ ते २१ वर्षे वयाच्या रुग्णांसाठी पूरक उपचार म्हणून तिला परवानगी दिली. हे उपाय खानदेशातील मुलांच्या वाट्याला कसे येणार, हा प्रश्न मात्र केवळ वैद्यकाचा नाही. तो साधनांच्या वाटपाचाही आहे.

प्रथम यंत्राचा विचार करू. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे रुग्णालयात जावे, असा हा उपचार आहे. चोपडा किंवा साक्री तालुक्यातील शेतमजुराने मुलीला घेऊन एवढे दिवस महानगरात राहावयाचे, तर उपचाराच्या खर्चाहून बुडालेली मजुरीच त्याला भारी पडेल. शिवाय या पद्धतीचा पुरावा अद्याप निर्विवाद नाही. १०३ तरुण रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत खरा उपचार व लटका उपचार यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. तेव्हा यंत्राला विरोध नसावा, पण त्याच्या झगमगाटाने दिपूनही जाऊ नये.

व्यायाम स्वस्त आहे, असे म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचविते. यावर कोणी म्हणेल की, कापूस वेचणारी मुलगी दिवसभर राबतेच, तिला निराळा व्यायाम कशाला? या युक्तिवादात मोठी गफलत आहे. पोटासाठी लादलेले श्रम शरीर शिणवितात. सवंगड्यांसह स्वेच्छेने खेळलेला खेळ मनाला उभारी देतो. घाम दोन्हींत गाळला जातो, पण एकात सक्ती असते आणि दुसऱ्यात आनंद. म्हणून व्यायामाची खरी किंमत फुरसत ही आहे, आणि गरिबाच्या घरी, त्यातही मुलीच्या वाट्याला, तीच सर्वांत दुर्मिळ असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले, पण त्या कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीत, मनावरचा ताण वाढत असतानाच, खेळाचा तास गणिताला वा इंग्रजीला दिला जातो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जे पूरक आहे, त्याला आधी मूळ उपचार असावा लागतो. तीव्र नैराश्यात अंथरुणावरून उठणेही ज्याला जड जाते, त्याला ‘धाव, म्हणजे बरा होशील’ असे सांगणे ही निर्दयता होय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. चार दशके उलटल्यावरही ग्रामीण रुग्णाला मनोविकारतज्ज्ञासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागत असेल, तर उणीव शास्त्राची नसून राज्यकर्त्यांच्या इच्छाशक्तीची आहे.

म्हणून मागणीचा क्रम स्पष्ट हवा. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ यावा. माध्यमिक शाळांतील खेळाचा तास अबाधित राहावा आणि त्यात मुलींना बरोबरीचे स्थान असावे. त्यानंतर धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, पुराव्याची शहानिशा करून, मेंदू-उत्तेजनाची सोय सार्वजनिक खर्चाने व्हावी. मुलांच्या मनाचे आरोग्य बापाच्या खिशावर अवलंबून ठेवणाऱ्या समाजाला स्वतःस निरोगी म्हणविण्याचा अधिकार नाही.