जादूगार लपून का राहतात?



घरातले शाळकरी पोर पुस्तक वाचताना किंवा सिनेमा पाहताना हटकून विचारते, "जादूगार खरे असतील तर आपल्याला दिसत का नाहीत?" प्रश्न चांगला आहे. "गप बस, असलं काही नसतं" म्हणून तो उडवून लावू नये, असे आम्हांस वाटते.

हॅरी पॉटरचेच उदाहरण घेऊ. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेचे हे पहिले पुस्तक १९९७ साली निघाले. त्यातले जादूगार आपल्याच जगात राहतात. त्यांच्या शाळेची गाडी लंडनच्या रेल्वे स्टेशनातून सुटते, पण साध्या माणसांना पत्ता नसतो. का? धिप्पाड हॅग्रिड हॅरीला सांगतो, की लोकांना कळले तर जो तो आपली अडचण जादूने सोडवून मागेल. दुसरे कारण भीतीचे. माणसे चेटकिणींच्या जिवावर उठली, म्हणून जादूगारांनी लपून राहण्याचा कायदा १६८९ साली केला आणि १६९२ साली तो पक्का लागू झाला, असे रोलिंगबाईंनी कल्पिले आहे.

तिसरे कारण लेखिकेच्या सोयीचे. जादू उघड असती, तर मग दुष्काळ, रोगराई, लढाया का थांबल्या नाहीत, याचे उत्तर द्यावे लागले असते. जादू लपवली की आपले जग आहे तसेच राहते. हा खेळ आहे, आणि लेखिकाही तो खेळ म्हणूनच मांडते.

पण १६९२ साली खरोखरच काय घडले, तेही मुलांना सांगावे. त्या वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील सालेम येथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिले. त्यांत १४ बाया होत्या. एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारले. पुरावा काय होता? फिर्यादी मुली म्हणत, या बाईची छाया येऊन आम्हांला छळते. ती छाया दुसऱ्या कुणालाच दिसत नसे, तरी कोर्टाने ती खरी मानली. १६९३ च्या जानेवारीत नव्या कोर्टाने असला पुरावा नाकारला, तेव्हा बहुतेक आरोपी सुटले.

गोष्टीतले जादूगार माणसांना भिऊन लपले. सालेमच्या बायांपाशी जादू नव्हतीच, मग त्या लपणार कुठे आणि कशा?

"आहे, पण दिसत नाही" हे गोष्टीत गोड लागते. गोष्टीबाहेर हेच बोल एखाद्या भगताच्या तोंडी येतात. "तुम्हांला दिसणार नाही, मला दिसते, अमक्या म्हातारीने करणी केली," असे तो सांगतो, आणि जिच्या पाठीशी कुणी नाही त्या बाईच्या अंगावर गाव धावून जाते. अमका करणी करतो असे म्हणून कुणाचा छळ करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक हवे.

तेव्हा मुलांच्या हातचे पुस्तक काढून घेऊ नका. खुशाल वाचू द्या, जमल्यास तुम्हीही वाचा. फक्त एवढे शिकवा, की "मला दिसते, तुला दिसत नाही" असे म्हणत कुणी शेजारणीवर बोट दाखवले, तर त्याला तोंडावर विचारायचे : पुरावा काय?