व्यवस्थापनाची पदवी आणि आपल्या जिल्ह्याचा कारभार




प्रादेशिक विद्यापीठातून व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेणे म्हणजे दोन वर्षे आणि बापाची पुंजी पाण्यात घालणे होय, असे मत आमच्या अंबाजोगाईत सुशिक्षित मंडळीही अलीकडे निःशंकपणे बोलून दाखवितात. त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

या मतातील सत्यांश मी नाकारीत नाही. बड्या कंपनीतील हुद्दा हेच ज्याचे एकमेव ध्येय, त्याला संभाजीनगर वा नांदेडच्या विद्यापीठाची पदवी फारसा हात देत नाही. कारण त्या कंपन्या उमेदवार निवडण्यास अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत अथवा मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत जातात, आणि इकडे वळल्याच तर विमा व कर्जे खपविणारी माणसे तेवढी घेऊन जातात. परंतु कारभार काय तो कंपन्यांतच चालतो, हे गृहीतकच मला मान्य नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, जिनिंग आहेत, बाजार समित्या व नागरी बँका आहेत, २००२ च्या कायदादुरुस्तीने अस्तित्वात आलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, आणि खुद्द आमच्या गावी स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. गेल्या काही वर्षांत याच जिल्ह्यात बहुराज्य पतसंस्थांच्या दारांना कुलपे लागली आणि आयुष्याची शिल्लक ठेवणारे ठेवीदार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले. त्यात लबाडी किती आणि अज्ञान किती, याचा निवाडा न्यायालये करतील. परंतु अल्प मुदतीच्या ठेवी दीर्घ मुदतीच्या व्यवहारात अडकवू नयेत, हे ठणकावून सांगणारा जाणता व्यवस्थापक अशा संस्थांत असावयास हवा, याविषयी दुमत नसावे.

सहकाराच्या आद्य धुरीणांना ही गरज कळली होती. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला अध्यक्षपदी धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ होता. आणि १९७९ साली ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली ती दिल्लीत नव्हे, तर दूध संघाच्या शेजारी आणंदला.

खरी अडचण निराळीच आहे. आपल्याकडील संस्थांत व्यवस्थापकाची जागा भरते ती जाहिरातीने नव्हे, वशिल्याने; अध्यक्षांचा भाचा पदवीधरापुढे उभा असतो. (भाचा मंदबुद्धीच असतो असे नव्हे, पण त्याला जमाखर्च विचारण्याची कोणाची छाती होत नाही.) विद्यापीठेही निर्दोष नाहीत. उन्हाळी प्रशिक्षणाच्या नावाखाली पुण्यातील ओळखीच्या कचेरीतून दाखला आणावयाचा आणि प्रकल्प-अहवाल मागील वर्षाच्या प्रतीवरून उतरवावयाचा, ही रीत जेथे चालते तेथे पदवीला किंमत यावी कशी? तोच विद्यार्थी दोन महिने लातूरच्या डाळमिलमध्ये, एखाद्या उत्पादक कंपनीच्या गोदामात किंवा रुग्णालयाच्या औषधभांडारात बसवावा, माल कोठे तुंबतो आणि पैसा कोठे गळतो हे त्याने लिहून काढावे, आणि त्या संस्थेच्या संचालकांसमोरच त्याची तोंडी परीक्षा घ्यावी.

तेव्हा विद्यापीठांनी, मागील तुकडीतील कोण कोठे व दरमहा किती पगारावर लागला याची यादी प्रवेशापूर्वी प्रसिद्ध करण्याची तजवीज करावी. जिल्ह्यातील संस्थांनी व्यवस्थापकाची पदे जाहिरात देऊन भरावीत. आणि पालकांनी ती यादी पाहिल्यावाचून शुल्काचा पहिला हप्ताही भरू नये, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, अंबाजोगाई