सूचना म्हणजे उत्तर नव्हे

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘खैर’ टाइप करताच खाली सूचना उमटतात. त्या मुख्यतः त्याच संगणकावर आधी उघडलेल्या पानांतून आणि इतरांनी केलेल्या शोधांतून येतात. तिथे वारंवारता आणि ताजेपणा मोजला जातो, आपली गरज नव्हे. म्हणून बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजी तहसिलीची माहिती शोधणाऱ्यापुढे भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी आधी येऊ शकते, जिथे २००६ साली एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ती आठवण पुसली जाऊ नयेच. सूचनांमुळे वेळ वाचतो, हेही मान्य. पण भलत्याच जिल्ह्याच्या पानावर पोचलो तर वाचलेला वेळ वायाच जातो. तेव्हा गावासोबत जिल्हा लिहावा आणि एंटर दाबण्याआधी सूचना नीट वाचावी.