गावचा ग्रुप आणि शेतकऱ्याचे बँक खाते

शासकीय योजनांची माहिती पूर्वी चावडीच्या फलकावर लागत असे. आता ती व्हॉट्सॲपवरील गावच्या ग्रुपमध्ये येते. या बदलाने शेतकऱ्यांचे पुष्कळ हेलपाटे वाचले, हे निर्विवाद आहे. पावसाचा अंदाज, पीक विम्याची मुदत, महाबीजच्या बियाण्याची उपलब्धता या गोष्टी घरबसल्या समजू लागल्या. तथापि चावडीच्या फलकावर सर्व खातेदारांचे दूरध्वनी क्रमांक कोणी लिहून ठेवीत नसे. ग्रुपमध्ये ते प्रत्येक सभासदास दिसतात, आणि तो सभासद गावचाच असेल असे नाही.

ग्रुपची लिंक एकदा फेसबुकवर किंवा दुसऱ्या ग्रुपमध्ये गेली की ती हाती पडलेला कोणीही आत येऊ शकतो. आत आल्यावर त्याला काही विचारावेही लागत नाही. कोणाचे नाव काय, सरपंच कोण, कृषी विभागाचा कर्मचारी कोण, हप्ता जमा झाला नाही अशी तक्रार कोणाची आहे, हे सारे तो निवांतपणे वाचीत बसतो. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना २०१९ साली सुरू झाली. तिच्यात वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. हप्त्याची वाट सर्वच पाहत असतात, म्हणून त्याच नावाची एक फाइल पाठविली जाते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. ती यादी नसून मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्रॅम असतो. तो बसविला व मागितलेल्या परवानग्या दिल्या, की बँकेकडून येणारे ओटीपी परस्पर भामट्याच्या हाती जातात. पुढे तीच फाइल त्या शेतकऱ्याच्या नावाने त्याच्या सर्व ग्रुपमध्ये पाठविली जाते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून शेजारीही ती उघडतो.

या संकटावर ‘सावध राहा’ एवढाच उपदेश करण्याची पद्धत पडली आहे. ती अपुरी आहे. सावधपणा हा माणसाच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर अवलंबून असतो; हप्ता अडकलेला आणि खताची उधारी डोक्यावर असताना तो टिकत नाही. मोबाइलमध्ये एकदा करून ठेवलेला बदल मात्र रात्रंदिवस टिकतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, म्हणजे गोपनीयता, असा एक भाग आहे. तेथे ‘ग्रुप्स’ या सदरात आपणास ग्रुपमध्ये कोणी घालावे हे ठरविता येते. मुळात तेथे सर्वांना मुभा दिलेली असते; ती बदलून केवळ ‘माझे संपर्क’ एवढीच ठेवावी. प्रोफाइलचे छायाचित्रही तसेच मर्यादित करावे, कारण तेच छायाचित्र लावून दुसऱ्याच क्रमांकावरून नातलगांकडे पैसे मागितले जातात. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा अंकी पिन ठेवला, तर ओटीपी चोरूनही खाते सहजासहजी दुसऱ्या मोबाइलवर नेता येत नाही. अनोळखी ॲप बसविण्याची परवानगी व्हॉट्सॲपला दिलेली असेल, तर ती मोबाइलच्या सेटिंग्जमधून काढून घ्यावी. फेसबुकवर मित्रांची यादी व दूरध्वनी क्रमांक सर्वांस दिसू देऊ नये. प्रोफाइल लॉक करण्याची सोय भारतात २०२० पासून आहे.

सर्वच दारे बंद करावीत असे मात्र नाही. अनोळखी क्रमांकाची घंटा वाजू न देण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे, पण डाळिंब किंवा कांदा विकणाऱ्याला नव्या व्यापाऱ्याचा फोन हवाच असतो. त्याने ती सोय वापरू नये. विक्रीसाठी निराळा क्रमांक ठेवावा आणि तो बँक खात्याशी जोडू नये. बैलजोडीची जाहिरात पाहून फोन करणारा ‘पैसे पाठवितो, पिन टाका’ असे म्हणू लागला, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यास पिन लागत नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. शेतकऱ्यांची कागदपत्रे उघड्यावर पडण्यास अनेकदा गावपातळीवरील कर्मचाऱ्यांचेच ग्रुप कारणीभूत होतात. ‘आधार, पासबुक व सातबारा यांचे फोटो ग्रुपवर टाका’ असा निरोप दिला जातो, आणि शंभर शेतकरी तो निमूटपणे पाळतात. कामाची निकड असते, मुदत उद्याच संपणार असते, हे खरे. परंतु शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलला कितीही कुंपण घातले तरी या एका निरोपाने ते निरुपयोगी ठरते. एकदा गेलेला फोटो परत मागता येत नाही. कागदपत्रे प्रत्यक्ष किंवा एकेकट्याने स्वतंत्र संदेशातूनच घ्यावीत. ग्रुपची जुनी लिंक रद्द करावी, नवा सभासद ॲडमिनच्या मान्यतेनेच आत यावा अशी योजना करावी, आणि संदेश पाठविण्याचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवावा. सूचनाच द्यावयाच्या असतील तर व्हॉट्सॲपचे चॅनेल अधिक बरे. त्यात सभासदांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. चर्चा करण्याची सोय त्यात नाही, ही उणीव आहेच. ती ग्रामसभेत व बांधावर भरून काढता येण्याजोगी आहे.

हे बदल करून देण्यास एका मोबाइलला दहा मिनिटे पुरतात. भित्तिपत्रक लावण्याऐवजी पीक पाहणीसाठी गेलेल्या कर्मचाऱ्याने शेतकऱ्याच्याच हाताने ते करवून घ्यावेत, आणि मोबाइल घरातील मुलाकडे असेल तर त्यालाही बोलवावे.

एवढे करूनही एखादा फसतोच. अशा वेळी तो लाजेने गप्प बसतो व तेवढ्यात रक्कम पुढे सरकते. फाइल बसविली गेली असे कळताच त्या मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या मोबाइलवरून प्रथम १९३० या क्रमांकावर व बँकेस कळवावे, आणि त्याच्या नावाने गेलेली फाइल कोणी उघडू नये असे ग्रुपला त्याच वेळी सांगावे.