आहेर, दान आणि वानवळा

लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ अशी ओळ छापण्याची पद्धत महाराष्ट्रात आता जुनी झाली. तिच्यामागे साधेपणा असतो, क्वचित मिजासही असते. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर परराष्ट्रांच्या मदतीबाबत भारत सरकारने जे धोरण स्वीकारले, ते आम्हांला या ओळीसारखे वाटते. त्याआधी आपण मदत घेत होतो. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर घेतली, 2001 साली गुजरातेत घेतली. त्सुनामीनंतर मात्र आपले आपण निभावून नेऊ असे ठरले आणि 2018 साली केरळात महापूर आला तेव्हाही परदेशी सरकारांना नम्र नकारच गेला. एप्रिल 2021 मध्ये ही ओळ खोडावी लागली. 27 एप्रिलला ब्रिटनहून 100 व्हेंटिलेटर आणि 95 ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दिल्लीत उतरले, आणि मग विमानांची रीघ लागली.

भाषेच्या अभ्यासकांना त्या दिवसांतील शब्दयोजना चाळण्याजोगी आहे. ‘मदत’ हा शब्द सरकारी तोंडून मोकळेपणाने निघत नव्हता. आम्ही इतरांना दिले, आता इतर आम्हांला देत आहेत, असा परराष्ट्र सचिवांच्या निवेदनाचा आशय होता. हे आहेराचे व्याकरण झाले. आहेर वहीत टिपून ठेवतात. कोणाकडून काय आले ते पाहून त्याच्या घरच्या कार्याला तेवढ्याच तोलाचे परत करतात. त्यात घेणाऱ्याला कमीपणा नाही, कारण ती फेड असते. दानाचे तसे नाही. दान घेणारा हात खाली असतो, आणि 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली पिढी त्या भाकरीविषयी अजून ज्या स्वरात बोलते, त्यात तो खाली असलेला हात ऐकू येतो. हा सल लक्षात घेतला तर सरकारने आहेराची भाषा का निवडली हे समजते. आमची तक्रार निराळी आहे. आहेराच्या वहीत फक्त तोलाची नोंद होते.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावर शिकवतो. इथे हा सगळा व्यवहार वर्तमानपत्रापुरता उरला नव्हता. देशातील पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस 19 एप्रिल 2021 रोजी रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमकडे निघाली, ती याच जिल्ह्यातील कळंबोलीहून. पेण तालुक्यातील डोलवीच्या पोलाद कारखान्यातून प्राणवायू रुग्णालयांकडे जात होता. वायू देशात होता. तो वाहून नेणारी अतिशीत भांडी अपुरी होती. म्हणून परदेशातून येणाऱ्या टाक्यांना एवढे मोल आले. 10 मे रोजी नौदलाचे ‘त्रिकंद’ हे जहाज कतारच्या हमाद बंदरातून 40 टन द्रवरूप प्राणवायू घेऊन मुंबईस आले. फ्रान्सच्या पुढाकाराने आलेला हा साठा मांडव्यासमोरच्या बंदरात उतरला. अशा साहाय्याचे मोल कोणी नाकारणार नाही, आणि कोणी नाकारलेही नाही.

हसू झाले ते केनियाचे. मेच्या अखेरीस केनियाने चहा, कॉफी आणि भुईमुगाचे दाणे असे 12 टन जिन्नस भारतीय रेडक्रॉसच्या स्वाधीन केले. ते महाराष्ट्रात वाटले जाणार होते; तासन्‌तास राबणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ते होते. समाजमाध्यमांवर यावर जी थट्टा झाली ती आम्ही वाचली, आणि तीत मराठी सुशिक्षितांचाही सूर होता याचा विषाद वाटला. आपल्यावर शेंगदाणे खायची पाळी आली, असा त्या थट्टेचा आशय. व्हेंटिलेटर देणाऱ्या ब्रिटनकडून घेताना ज्यांचा मान दुखावला नाही, त्यांचा दाणे देणाऱ्या केनियाकडून घेताना दुखावला. म्हणजे बोच घेण्याची नव्हतीच. कोणाकडून घेतो याची होती.

या थट्टेत एक विस्मरणही होते. 3 मार्च 2021 रोजी केनियाला लशीच्या 10 लाख 20 हजार मात्रा पोहोचल्या, त्या कोवॅक्स योजनेतून गेलेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या. त्याच महिन्याच्या अखेरीस भारताने निर्यात जवळपास थांबवली, आणि कोवॅक्सला होणारा पुरवठा नोव्हेंबरपर्यंत पुन्हा सुरू झाला नाही. घरात आग लागली असता शेजाऱ्याला पाणी कसे द्यावे, हा युक्तिवाद आम्हांला अमान्य नाही. पण वस्तुस्थिती अशी की पुढच्या मात्रांसाठी आपल्याकडे डोळे लावून बसलेल्या देशाने, त्या आलेल्या नसताना, आपल्याला चहा पाठवला. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे आपल्याकडे सासुरवाशिणीला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

देणगी उपयोगाची असावी हा आक्षेप रास्त आहे. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. नको असलेले दुसऱ्याच्या दारी टाकण्याला देणे म्हणत नाहीत. केनियाने मात्र जे पिकवतो ते दिले. याला मराठीत शब्द आहे: वानवळा. शेतात नवे आले की त्यातले थोडे शेजारीपाजारी आणि पाहुण्यांकडे पाठवायचे, तो वानवळा. त्याची वहीत नोंद नसते, त्याने कोणाचे पोट भरत नाही, आणि तो घेतल्याने कोणी मिंधा होत नाही. अलिबागेत तो पांढऱ्या कांद्याच्या माळेच्या रूपाने येतो, थंडीत वालाच्या शेंगांच्या रूपाने.

3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात श्रीवर्धन-मुरूडकडच्या सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. करोनाची पहिली लाट चालू होती, आणि पत्रे, ताडपत्री, मेणबत्त्या असे बाहेरून जे येईल ते या किनाऱ्याने घेतले. नव्याने लावलेली सुपारी धरायला पुष्कळ वर्षे लागतात. तोवर त्या घरांना मुंबईच्या पाहुण्यांबरोबर बांधून द्यायला आपल्या बागेतले काही नाही.